कॅरीबॅग बंद झाल्या त्याला बरेच महिने झाले, कापडी पिशव्यांचा अनुभव

बंदी आल्यापासून घरात कापडी पिशव्याच वापरतोय, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही ते आता नीट सांगता येईल.

पहिलं म्हणजे नव्या पिशव्यांचा ढीग विकत आणू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालात नुसता हवामानावरचा परिणाम धरला तरी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, आणि बाकीचे परिणाम धरले तर आकडा हजारांत जातो. म्हणून आम्ही जुन्या चादरींच्या शिवून घेतल्या. शिवताना बंद नुसते वरच्या काठाला टाचू नका, जड सामान भरलं की तिथेच उसवतं. पट्टी तळाखालून फिरवून दोन्ही बाजूंनी वर आणली की वजन पूर्ण पिशवीवर येतं, आमच्या अशा पिशव्या अजून धड आहेत.

कापडासारख्या दिसणाऱ्या ज्या पातळ रंगीत पिशव्या मिळतात ना, त्यातल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. एक बाल्कनीत उन्हात राहिली होती, उचलायला गेलो तर हातात नुसता चुरा, आणि तो झाडून गोळा करणं महाकठीण. शंका असेल तर एक धागा सांभाळून जाळून बघा, सुताची राख होते, हा वितळून गोळी होतो.

पालेभाजी कापडी पिशवीत तशीच फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी मलूल, कारण पानांतलं पाणी उडून जातं. निवडून, किंचित ओलसर फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवली की छान राहते.

पण खरी अडचण बाजारात नाही, कचऱ्याच्या डब्यात येते, आणि यावर कोणी फारसं बोलत नाही. सामानाच्या पिशव्या डब्याला लावायची सगळ्यांचीच सवय, त्या बंद झाल्या की माणूस कचऱ्याच्या पिशव्यांचा रोल विकत आणतो. कॅलिफोर्नियातल्या बंदीवर २०१९ साली एक अभ्यास आला होता, त्यात छोट्या कचरा-पिशव्यांची विक्री १२० टक्के वाढल्याचं दिसलं. मग बंदीचा थोडा जीव तिथेच गेला की! आम्ही रोल आणला नाही. सुक्या कचऱ्याच्या डब्याला अस्तर लागतच नाही. ओल्यासाठी सिंकमध्ये जाळीचं भांडं ठेवलंय, सालं-चोथा तिथे निथळतो आणि मगच डब्यात जातो, तळाला वर्तमानपत्राच्या दोन घड्या, रोज रिकामा करून लगेच विसळून पालथा घालायचा. वास येतो तो साचलेल्या पाण्यामुळे, पाणी काढलं की डबा लडबडत नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचं मात्र अजून मनासारखं जमलेलं नाही. सध्या जाड कागदात गुंडाळून वेगळं देतो, पण पावसाळ्यात कागद भिजून फाटतो आणि कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतो, ते अजिबात पटत नाही. कोणी यावर काही करत असेल तर नक्की लिहा.