ईजॅबर्डमधील लॉगिन तपासणी: सर्व्हरभरची सेटिंग आणि डोमेनची स्वतःची सेटिंग, काही महिन्यांच्या वापरानंतर

एकाच ईजॅबर्ड (एक्सएमपीपी चॅट) सर्व्हरवर अनेक डोमेन असताना प्रत्येकाचे लॉगिन कुठून तपासायचे, हे ठरवण्याची त्याची पद्धत मी काही महिने हाताळतो आहे आणि एकंदरीत ती मला पटली आहे. त्याच्या यामल मांडणीतल्या सेटिंग फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर ऑथ_मेथड (लॉगिन तपासण्याची पद्धत) लिहिले की ते सगळ्या डोमेनना लागू होते. एखाद्याला वेगळी पद्धत हवी असल्यास होस्ट_कॉन्फिगखाली त्या डोमेनच्या नावाने तेवढीच सेटिंग पुन्हा लिहायची. तिथे जे लिहिलेले नाही ते वरून घेतले जाते. त्यामुळे एलडॅप, म्हणजे वापरकर्त्यांची मध्यवर्ती नोंदवही, असलेल्या सर्व्हरचा पत्ता वर एकदाच देऊन प्रत्येक डोमेनखाली फक्त एलडॅप_बेस (त्या नोंदवहीत शोध कुठून सुरू करायचा ते) बदलता येतो आणि फाइल आटोपशीर राहते.

घोळ होतो तो दुसरीकडे. ऑथ_मेथडला अनेक पद्धतींची यादी देता येते आणि पहिलीने पासवर्ड नाकारला की पुढची तपासली जाते; पण ही साखळी त्या एका यादीपुरतीच असते. वर एसक्यूएल (खाती एसक्यूएल डेटाबेसात तपासणे) आणि डोमेनखाली एलडॅप लिहिले, तर एलडॅप बंद पडल्यावर एसक्यूएलला कोणी विचारत नाही, कारण डोमेनची यादी वरच्या यादीत मिसळत नाही, तिची जागाच घेते. उलट डोमेनखाली एलडॅप आणि इंटर्नल (ईजॅबर्डचा स्वतःचा अंतर्गत डेटाबेस) दोन्ही ठेवले, तर एलडॅपमधून काढलेली व्यक्ती अंतर्गत डेटाबेसात उरलेल्या जुन्या पासवर्डने खुशाल आत येते. आणीबाणीची सोय म्हणून ही जोडी सुचवणाऱ्यांनी याचा विचार केलेला असतो, असे मला तरी दिसत नाही.

दुसरा परिणाम लगेच नजरेत भरत नाही. एलडॅपकडून तपासायचा पासवर्ड सर्व्हरच्या हाती मूळ रूपात यावा लागतो, म्हणून अशा डोमेनवर स्क्रॅम (पासवर्ड न पाठवता तो माहीत असल्याचे सिद्ध करण्याची पद्धत) मिळत नाही, प्लेन (पासवर्ड जसाच्या तसा पाठवणे) उरते. सोबत इंटर्नल असले तरीही. एलडॅप वरच्या पातळीवर ठेवले, तर ज्या डोमेनांनी स्वतःचे काही लिहिलेले नाही, त्या सगळ्यांचे स्क्रॅम जाते. टीएलएस (जोडणीचे एन्क्रिप्शन) सक्तीचे असेल तर हे चालवून घेता येते. अनामिक लॉगिन मात्र वर कधीच ठेवू नये, कारण सर्व्हरच्या डोमेनांच्या यादीत नवे डोमेन जोडताच तिथलेही दार उघडे होते.

सध्या मी वर फक्त इंटर्नल ठेवतो आणि ऑथ_पासवर्ड_फॉरमॅट (पासवर्ड कोणत्या रूपात साठवायचा ते) स्क्रॅम करतो, कारण ते मुळात प्लेन, म्हणजे उघड मजकूर, असते. बाकी प्रत्येक डोमेनखाली, पुनरुक्ती झाली तरी, ऑथ_मेथड स्पष्ट लिहितो. बदल रीलोड_कॉन्फिग या आज्ञेने लागू होतात, सर्व्हर बंद करावा लागत नाही.