परळची मुलींची कबड्डी बॅच: कॅप्टन एक, ऐकतात दुसरीचं

मे महिन्यात लेकीला परळच्या एका मैदानावर 14 वर्षांखालच्या मुलींच्या कबड्डी बॅचला घातलं होतं, बऱ्याच जणींनी विचारलं कशी आहे म्हणून इथेच लिहिते. घाला बिनधास्त, फक्त एक गोष्ट आधी बोलून घ्या, ती खाली सांगते.

सकाळी लवकर असते, मॅटवर खेळतात त्यामुळे नीपॅड घेऊनच पाठवा, मॅटवर घासलं की चांगलीच आग होते. फी आपल्या भागात बाकीचे घेतात तेवढीच. कोच ताई स्वतः खेळलेल्या आहेत आणि पोरींवर उगाच डाफरत नाहीत.

पण मला खरं आवडलं ते वेगळंच. सुरुवातीलाच यांनी सगळ्या मुलींच्या टेस्ट घेतल्या, 10 मीटरची चार वेळा पळापळ, जागेवरून लांब उडी, मग पट्टीची टेस्ट म्हणजे ताई वरून फूटपट्टी सोडणार आणि मुलीने चिमटीत पकडायची, 15 सेंटीमीटरवर पकडली तर साधारण 0.17 सेकंद लागले असं धरायचं. शिवाय रंगांची एक टेस्ट, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि आपण पटकन 'निळा' म्हणायचं, ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, जीभ अडतेच. ही 1935 सालापासूनची स्ट्रूप टेस्ट, मन दुसरीकडे ओढलं जात असताना लक्ष किती टिकतं ते यात कळतं. आणि शेवटी चिठ्ठ्या, डाव हातातून जायला लागला की तू कुणाकडे बघतेस, तिचं नाव लिही.

कॅप्टन होती बॅचमधली सगळ्यात उंच, सगळ्यात जोरात पळणारी रेडर, म्हणजे चढाई करणारी, आणि चिठ्ठ्यांत नाव भलत्याच मुलीचं आलं, डाव्या कोपऱ्यात खेळणारी एक बारकीशी पोर. पळण्यात मधली, उडीत तर मागेच, पण पट्टी आणि रंग दोन्हीत अगदी वरती. ताई म्हणाल्या यात नवल काही नाही. बेल्जियममध्ये कॅत्रिन फ्रान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ सांघिक खेळांतल्या साडेचार हजारांच्या आसपास खेळाडू आणि कोचना विचारून 2014 मध्ये अभ्यास छापला, त्यात जवळजवळ निम्म्या लोकांना मैदानावरचे डावपेच, जोश भरणं, आपसातलं सांभाळणं, बाहेरच्यांशी बोलणं यातल्या एकाही कामात कॅप्टन पहिला वाटला नव्हता.

मी एक मॅच नीट बघितली तेव्हा पटलं. आपल्या तीनच मुली उरलेल्या, म्हणजे पकड झाली तर सुपर टॅकल, एकाऐवजी दोन गुण, समोरून चांगली दणकट रेडर आलेली. बारकी काही ओरडली नाही, शेजारणीचं मनगट धरून तिला फक्त अर्धं पाऊल मागे ओढलं, रेडरला वाटलं मोकळं आहे, ती आत शिरली, चढाईचे 30 सेकंद संपत आले म्हणून परत फिरायला वळली आणि सगळा भार एका पायावर आला त्याच क्षणाला हिने घोटा धरला. तोवर उरलेल्या दोघी अंगावर आल्या पण! कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, दोघींचं लक्ष आधीपासून हिच्यावरच होतं.

आता म्हणून पट्टी पटकन पकडली की पोर लीडर झाली असं कुणी समजू नका. एवढ्याशा बॅचवरून तसं म्हणता येत नाही हे ताईंनी स्वतःच सांगितलं आणि मला ते फार बरं वाटलं. या वयात मुलींची उंची भराभर वाढते, सहसा बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त, त्यामुळे जी लवकर वाढली ती पळण्यात पुढे दिसते आणि आपण सगळे तिलाच कॅप्टन करून मोकळे होतो. आणि जिचे पाय अचानक लांब झालेत तिचा तोल काही महिने गंडू शकतो. तिला त्या वेळी 'ढ' म्हणून मागे बसवलं की संपलंच ना मग.

आता ती गोष्ट. चिठ्ठ्यांचा पूर्ण हिशेब, कुणाला किती मतं, असा कुणीतरी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. काही मुलींना एकही मत नव्हतं, त्यांची नावंसुद्धा तशीच दिसत होती. एक मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. हे अजिबात चालणार नाही, अशा चिठ्ठ्या फक्त कोचने बघायच्या असतात, नाहीतर ज्या पोरीला आधीच कुणी विचारत नाही तिला सगळ्यांसमोर एकटं पाडल्यासारखं होतं. मी आणि अजून दोघी आया जाऊन बोललो, ताईंनी मेसेज डिलीट करायला लावला आणि त्या मुलीच्या घरी स्वतः गेल्या, पुढच्या सोमवारी ती परत आली. यापुढे ज्याचं त्याला एकेकटं सांगू असंही म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत पुढची बॅच आहे, नाव घालताना हे एकदा स्पष्ट विचारून घ्या. आम्ही तर परत घालतोय, आणि या वेळी धाकटीलाही.