आठ इंची सबवूफरचा 2.1 सेट: अहिराणी गाण्यापासून ख्यालापर्यंत

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असा सेट (दोन छोटे स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) ऐकायला गेलात की बेस चढवलेलाच असतो, त्यामुळे ठोका दणदणीत वाटतो आणि गळा कुठे बसतो ते कळतच नाही. घरी आणल्यावर बेस-ट्रेबल दोन्ही शून्यावर ठेवा, सबवूफरचा आवाज पूर्ण खाली आणा आणि ओळखीच्या गायकाचा आवाज लावा. तो नीट लागला की सबवूफरचा आवाज हळूहळू वाढवा.

खरी मेख क्रॉसओव्हरची, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरकडे जाईल त्या सीमेची. तीन इंची सॅटेलाइट, म्हणजे ते दोन छोटे स्पीकर, 120 हर्ट्झच्या खाली फारसे उतरत नाहीत. क्रॉसओव्हर 80 वर ठेवला तर मधला भाग रिकामा राहतो आणि डग्गा पोकळ वाजतो. 150 च्या वर नेला तर पुरुषाचा आवाज कोपऱ्यातल्या खोक्यातून आल्यासारखा वाटतो. 120 च्या आसपास जुळतं. मग फेजचं बटण (सबवूफर सॅटेलाइटच्या जोडीनं हलतो की उलट, ते ठरवणारं) 0 आणि 180 वर फिरवून बघा. बसायच्या जागेवरून ज्यात डग्गा भरीव लागेल तेच ठेवा.

दहा फुटी खोलीत साधारण 56 हर्ट्झला घुमारा येतो. स्लॅब, टाइल्स आणि उघड्या भिंती असल्या की वरचे सूरही कर्कश होतात. सबवूफर कोपऱ्यापासून दीड फूट पुढे ओढा, समोर सतरंजी टाका. एवढ्यानं जो फरक पडतो तो कुठल्याही बटणानं पडत नाही.

लग्नातल्या अहिराणी गाण्यांत बेस मुळातच ठासून भरलेला असतो, म्हणून सबवूफर तीन डेसिबल खाली. ख्यालाला ट्रेबल कापू नका, तानपुऱ्याची झंकार तिथेच आहे. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या गाण्यांना ट्रेबल चार डेसिबल कमी, सबवूफर जवळजवळ बंद. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, खानदेशातल्या कानबाईच्या सणाची गाणी मात्र ट्रेबल कमी करून सुधारत नाहीत. बायकांच्या एकत्र आवाजाची धार 3 किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि ट्रेबलचं बटण त्याच्या बरंच वर काम करतं. सेटमध्ये पाच पट्ट्यांचा इक्वलायझर (वेगवेगळ्या उंचीचे सूर वेगळे कमी-जास्त करायची सोय) नाही ही मोठी उणीव; फोनमधल्या इक्वलायझरवर 3 किलोहर्ट्झजवळची पट्टी तीन डेसिबल उतरवावी लागते.

12 बाय 12 च्या खोलीला सेट पुरेसा आहे, अंगणातल्या कार्यक्रमाला घेऊ नका. अ‍ॅम्प्लिफायर सबवूफरच्या पाठीत आहे, तेव्हा जळगावच्या मे महिन्यात मागे सहा इंच मोकळी जागा हवीच. टीव्ही जोडल्यावर गुणगुण आली तर दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लावा. अर्थिंगची पिन काढू नका.