पुरानंतर सुरयांची बेटं: ड्रोननं पाहावीत की पायी?

सप्टेंबर २०२५ च्या पुरानं सीना नदीचा काठ खरवडला. नदी सुरय हा पक्षी वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतो आणि जगभर तो संकटात आहे. बेटं उरलीत का, हे कसं पाहावं, असं माढ्याकडच्या मित्रानं विचारलं.

खर्चात पायी फिरणं स्वस्त: गमबूट, काठी, मोजपट्टी. वेळ मात्र खातं. ड्रोन एका सकाळीत लांबचा पट्टा दाखवतो, पात्र कुठं सरकलं तेही कळतं.

पण बेटाचा पोत वरून समजत नाही. मी टाच रोवून पाहतो. वर गाळाचा तडकलेला पापुद्रा, खाली ओली वाळू, फटीतून बेशरम या झुडपाचे कोंब. असं बेट पुढं झाडोऱ्यानं भरतं, सुरय तिथं बसत नाही. काठाला जोडलेल्या बेटावर कुत्र्यांचे ठसेही पायीच दिसतात.

मार्च ते मे विणीत ड्रोन नकोच. पक्षी उठले की अंडी उन्हात भाजतात. तेव्हा काठावरून दुर्बीणच बरी.

दहा-बारा किलोमीटरचा नकाशा हवा असेल तर परवानगी काढून जानेवारीपर्यंत ड्रोन उडवा. गावालगतचं एखादं बेट राखायचं असेल तर पायीच जा, दर महिन्याला.