माहिती प्रणाली की संगणकशास्त्र?

वाणिज्य, मानव्यविद्या किंवा जीवशास्त्राच्या पदवीधराला संगणक क्षेत्रात यायचे असेल, तर माहिती प्रणालींची पदव्युत्तर पदवी आणि संगणकशास्त्राची, बिगर-संगणक पदवीधरांसाठी आखलेली पदव्युत्तर पदवी, असे दोन मार्ग दिसतात. प्रोग्रामिंग व डेटाबेस दोन्हीकडे असतातच. वेगळा असतो तो भर.

संगणकशास्त्रात डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवण्याच्या रचना), अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या ठरावीक पायऱ्या), ऑपरेटिंग सिस्टिम यांचा पाया थोडक्या अवधीत घातला जातो आणि गणिताचा सराव सुटलेल्यांची त्यात चांगलीच दमछाक होते.

माहिती प्रणालींत तेच ज्ञान संस्थेच्या व्यवहाराला जोडले जाते. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धत, दोन्हीकडे शिकवतात. मात्र ग्राहकाचा पत्ता प्रत्येक ऑर्डरच्या नोंदीत लिहिल्यास एकीकडे बदललेला पत्ता दुसरीकडे जुनाच राहतो, म्हणून ग्राहक आणि ऑर्डर यांचे तक्ते वेगळे ठेवावेत, हे हिशेब तपासलेल्या वाणिज्य पदवीधराला चटकन उमगते. वापरकर्त्याशी बोलून त्याची खरी गरज लेखी मांडण्याच्या कामात मानव्यविद्येचे विद्यार्थी (अनेकदा स्वतःच्याही नकळत) सरस ठरतात.

सॉफ्टवेअर स्वतः घडवायचे असेल, तर संगणकशास्त्रच घ्यावे. व्यवसाय विश्लेषण किंवा ईआरपीची (संस्थेचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) अंमलबजावणी करायची असेल, तर माझे मत माहिती प्रणालींकडे झुकते. पदवीचे नाव फसवे असू शकते, त्यामुळे प्रवेशापूर्वी विषयांची यादी आणि प्रकल्पाचे स्वरूप तपासावे.