तंगूस, ब्रेडेड की फ्लोरोकार्बन? पुणे परिसरातील गळाच्या मासेमारीसाठी दोरीची निवड

गळाची दोरी घेताना बहुतेकांची नजर वेष्टनावरच्या पौंडांच्या आकड्यावर जाते आणि जितका आकडा मोठा तितकी दोरी चांगली, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो आकडा सरळ, बिनगाठीची दोरी किती ताणाला तुटेल एवढेच सांगतो. ती रॉडच्या कड्यांतून किती सहज सुटेल, रीलवर किती मीटर मावेल आणि दगडाला घासल्यावर किती तग धरेल, हे तिची मिलिमीटरमधील जाडी आणि तिचा पदार्थ यांवर अवलंबून असते. म्हणून तुलना जाडीपासून सुरू करावी. तंगूसाच्या बाबतीत छापलेल्या जाडीची शंका आल्यास ती मायक्रोमीटरने, म्हणजे कारखान्यात बारीक जाडी मोजायला वापरतात त्या उपकरणाने, पाहता येते, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारा एखादा मित्र नाही असा पुणेकर विरळाच.

तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी, सर्वांत स्वस्त असते आणि तिचा मुख्य गुण म्हणजे ताणले जाणे. तुटण्यापूर्वी ती आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याइतकी, कधी त्याहूनही अधिक, लांबते. कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून, शिसे तळाशी टाकून, रॉड स्टँडवर ठेवून रोहू, कटला किंवा मृगळाची वाट पाहणाऱ्यासाठी हा दोष नसून संरक्षण आहे. कारण या माशांचे ओठ मऊ असतात, आणि मासा एकदम उसळून पळाला की न ताणणाऱ्या दोरीमुळे गळ ओठ फाडून निसटतो, तर तंगूस तो झटका स्वतःवर घेतो. लवचिक ग्लासफायबर रॉडबरोबर ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस या कामासाठी पुरेसा आहे. रील नसलेल्या लांब काठीसाठी ०.२० ते ०.२५ मिलिमीटर चालतो, आणि हाताने दोरी फेकणाऱ्याने तर जाड तंगूसच वापरावा, कारण बारीक ब्रेडेड दोरी बोटे कापते. तंगूसाची उणी बाजूही आहे. नायलॉन पाणी शोषून काहीसा कमजोर होतो, उन्हाने जीर्ण होतो, रीलवर बराच काळ राहिला की त्याला वेटोळ्यांची सवय लागते, आणि दूरवर झालेला हलका स्पर्श ताणातच विरून हातापर्यंत पोहोचत नाही. नियमित वापर असेल तर तो वर्षातून एकदा बदलावा.

ब्रेडेड दोरी अतिशय मजबूत पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची वीण असते. ०.१६ ते ०.२० मिलिमीटरची ब्रेडेड दोरी सुमारे दुप्पट जाडीच्या तंगूसाइतका भार पेलते. त्यामुळे स्पिनिंग रॉडने (ज्याचे रील खाली टांगलेले असते) हलके खोटे आमिष लांब फेकायचे असेल तर तिला तोड नाही. ती जवळजवळ ताणत नाही, म्हणून आमिषाची प्रत्येक थरथर हाताला कळते. मरळीसाठी तर मला दुसरा पर्याय दिसत नाही. जलपर्णीच्या थरावरून रबरी बेडूक ओढताना मासा झडप घालून लगेच मुळांत शिरतो. त्या क्षणी त्याच्या हाडकुळ्या जबड्यात गळ रुतवून त्याला वनस्पतीसकट बाहेर खेचावे लागते, आणि त्यासाठी ताठ बेटकास्टिंग रॉडवर (ज्याचे रील वरच्या बाजूला बसते) ४० ते ५० पौंडांची ब्रेडेड दोरी थेट आमिषाला बांधावी. ही दोरी पाण्याहून हलकी असल्याने तरंगते, हेही इथे सोयीचे ठरते.

मात्र याच दोरीचा घात आपल्याकडचा काळा कातळ करतो. पानशेत किंवा मुळशीच्या काठावर उन्हाळ्यात पाणी उतरले की धारदार खडक आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. ताणलेली ब्रेडेड दोरी अशा धारेला घासली की तिचे सूक्ष्म धागे पटापट तुटतात, तर जाड तंगूस ओरखडे सोसूनही काही काळ टिकतो. म्हणून मोकळ्या पाण्यात ब्रेडेडच्या टोकाला तंगूसाचा किंवा फ्लोरोकार्बनचा मीटर-दीड मीटरचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि आमिष यांमधला तुकडा, जोडावा. शिवड्यासारख्या दातेरी माशासाठी तो अधिक जाड असावा. ताठ कार्बन रॉडवर ब्रेडेड वापरताना रीलचा ड्रॅग (मासा जोराने ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक) थोडा सैल ठेवावा, कारण झटका सोसायला दोरीही नाही आणि रॉडही नाही. दोरी निसरडी असल्याने रीलवर आधी तंगूसाचे काही वेढे द्यावेत, आणि आमिषाला दुहेरी दोरीची पालोमार गाठ घालावी. नेहमीच्या साध्या गाठी यात सरकतात. नवी दोरी भरण्यापूर्वी कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. तो जिथे अडकेल ते कडे तडकलेले आहे, आणि महागडी दोरी तिथेच कापली जाईल.

फ्लोरोकार्बन हीही तंगूसासारखी एकसंध, पण वेगळ्या प्लास्टिकची दोरी; तिची जाहिरात पाण्यात न दिसणारी दोरी म्हणून होते. पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वाकवतो याचा आकडा, पाण्याच्या जितका जवळ तितका तो पाण्यात कमी दिसतो. फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२ आहे, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ च्या वर; म्हणजे फ्लोरोकार्बन कमी दिसतो, अदृश्य होत नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात हा फायदा उरतच नाही, आणि डिसेंबर-जानेवारीच्या नितळ पाण्यातही तो आमिषाजवळच्या मीटरभर भागातच उपयोगी पडतो. शिवाय तो ताठर असल्याने लहान स्पिनिंग रीलवरून स्प्रिंगसारखा उसळतो, आणि गाठ आवळताना ओली केली नाही तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होतो. तो नायलॉनपेक्षा बराच जड असल्याने लवकर बुडतो. खोल जाणाऱ्या आमिषासाठी हे चांगले, पण तरंगत्या बेडकासाठी निरुपयोगी. संपूर्ण रील त्याने भरणे हा माझ्या मते इथे अनाठायी खर्च आहे. लीडरपुरता छोटा गुंडा पुरतो.

फ्लाय रॉडचा, म्हणजे माशीसारखे अगदी हलके आमिष फेकण्याच्या रॉडचा, हिशेब वेगळा आहे. तिथे फेकीचे वजन आमिषात नसून दोरीतच असते, म्हणून रॉडवर ५ हा क्रमांक असेल तर ५ क्रमांकाचीच दोरी घ्यावी लागते.

तुटलेल्या तुकड्यांचाही विचार खरेदीच्या वेळीच व्हावा, कारण यांपैकी कोणतीही दोरी कुजत नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला पक्ष्यांच्या पायांत ती अडकू शकते; उरलेले तुकडे बारीक कापून घरी आणावेत.

पहिलाच रॉड असेल, त्यावर ८ ते १५ पौंडांची मर्यादा छापलेली असेल आणि जायचे मुख्यतः कणीक घेऊन असेल, तर ०.३० मिलिमीटरचा तंगूस घ्यावा. खोट्या आमिषाकडे ओढा असेल तर त्याच रॉडवर १५ पौंडांची ब्रेडेड आणि पुढे ०.३० मिलिमीटरचा लीडर योग्य ठरेल. दोन्ही करायचे असल्यास दुसरा रॉड घेण्याऐवजी रीलसाठी एक जादा स्पूल (दोरी गुंडाळण्याची चकरी) घ्यावा: एकावर तंगूस, दुसऱ्यावर ब्रेडेड. काठावर तो बदलायला काही मिनिटे लागतात.