आलिकांतेच्या किनाऱ्यावर पाम लावून २२ महिने: काय जगलं, काय गेलं

गुहागरला आमच्या परसात माड कुणी मुद्दाम वाढवलेत असं मला कधी वाटलंच नाही. ते असायचेच. त्यामुळे स्पेनमध्ये आलिकांतेच्या उत्तरेला, समुद्रापासून चारशे मीटरवर घर घेतलं तेव्हा मागच्या जागेत पाम लावायचे हे ठरवायला फार वेळ लागला नाही. समुद्र आहे, ऊन आहे, खारा वारा आहे. आत्याचा फोनवरचा पहिलाच प्रश्न, "नारळ लावलास का?"

नारळ इथे जगत नाही. का जगत नाही हे कळायला मला एक हिवाळा लागला. थंडी फार कडक पडते असं नाही, आमच्याकडे रात्रीचा पारा ३-४ अंशांखाली क्वचितच जातो. खरी गोची महिनोन्महिने टिकणाऱ्या गारव्याची आणि पावसाच्या वेळेची आहे. कोकणात ऊब आणि पाऊस एकदमच येतात. इथे वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक शरद ऋतूपासून पुढे, आणि जून ते ऑगस्ट ठणठणाट. म्हणजे मुळं कामाला लागलेली असतात तेव्हा जमीन कोरडी, आणि मुळं गारठून गप्प बसतात तेव्हा जमीन ओली. पाम घेताना मी आता आधी हेच विचारते, की याच्या मूळ गावी पाऊस कधी पडतो?

एकूण सहा जाती लावल्या, सगळ्या मे महिन्यात. पावसाळ्याच्या तोंडावर लावण करायची आपली सवय इथे ऑक्टोबर सुचवते, पण पामाची मुळं गरम मातीतच धरतात. मे-जूनमध्ये लावून उन्हाळाभर पाणी देणं मला बरं पडलं. प्रत्येक झाडाला ताशी चार लिटरचे तीन ड्रिपर, आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास.

सगळ्यात समाधान दिलं ते पाल्मितोने, म्हणजे कॅमेरॉप्स ह्युमिलिसने. हा इथल्याच डोंगरांवरचा, कुणी न लावता उगवणारा. नर्सरीत तो मागच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, सगळ्यात स्वस्त, आणि विकणाऱ्याला त्यात काही रसही नव्हता. पंख्यासारखी ताठ पानं, देठावर दोन्ही बाजूंनी काटे, एकाच बुंध्यातून पाच-सहा फुटवे. उंच होत नाही, म्हणून लोक त्याला झुडूप समजून सोडून देतात. मी तीन लावले. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी पंधरा दिवसांतून एकदा केलं, तरी एकही पान करपलं नाही. पश्चिमेकडून पोनिएन्ते नावाचा भट्टीसारखा वारा येतो, त्या आठवड्यात माझी जास्वंद दोन दिवसांत सुकली, हा तसाच उभा. अॅटलस पर्वताकडचा निळसर-चंदेरी भाऊबंदही मिळतो. मी एक घेतलाय, वाढ अगदी मंद पण रंग अप्रतिम. (हा जातीच्या मोजणीत धरलेला नाही.)

वॉशिंग्टोनिया रोबुस्टा कमरेएवढा आणला होता, आता माझ्या डोक्यावर गेलाय. ज्यांना घाई आहे त्यांनी घ्यावा. पण छोट्या बागेत घेऊ नका, हे मी लावून बसल्यावर सांगतेय. खोड वीस-पंचवीस मीटर जाऊ शकतं, वाळलेली पानं गळत नाहीत, खोडाभोवती लोंबत राहतात, आणि पुढे ती काढायला माणूस बोलवावा लागतो.

ब्युटिया दिसायला सुंदर, करड्या-निळ्या झावळ्या कमानीसारख्या वळलेल्या. पण माझी जमीन चुनखडीची, आणि नळाचं पाणीही जड. सहाव्या महिन्यात नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता. इथे ईडीडीएचए प्रकारचंच चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) घ्यावं लागतं, बाकीचे प्रकार अशा जमिनीत टिकत नाहीत. पाण्यात टाकलं की रक्तासारखं लाल होतं. माझ्या हातून बादली कलंडली आणि अंगणातल्या फिकट फरशीवर पडलेला डाग अजून आहे. झाड मात्र सुधारलं.

क्वीन पाम गेला. नर्सरीत दीड मीटरचा, हिरवागार, अगदी माडासारखा दिसला आणि मी भुलले. विकणाऱ्याने "कुठेही येतो" असं सांगितलं. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा आखूड आणि टोकाकडे चुरगळलेलं, जणू इस्त्रीने भाजलंय. मँगनीजची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत मँगनीज असलं तरी मुळांना मिळत नाही. मी त्याला तहान लागली समजून पाणी वाढवलं, तेही जानेवारीत. मार्चमध्ये मधला मिटलेला कोंब हलकेच ओढला तर हातातच आला, बुडाशी कुजकट वास.

ब्राहेया आर्माटा जिवंत आहे, निळा आहे, आणि वर्षाला तीन पानं देतो. चिनी ट्रॅकिकार्पसची पानं समुद्राच्या वाऱ्याने फाटून चिंध्या झाली. तो डोंगराकडच्या लोकांनी लावावा.

आता किडीबद्दल, कारण इथे पाम पाळणं म्हणजे निम्मं काम तेच. शेजारच्या आजोबांकडे कॅनरी बेटांवरच्या जातीचा भला थोरला पाम होता. गेल्या उन्हाळ्यात त्याचा शेंडा उघडलेल्या छत्रीसारखा चपटा झाला, मधली पानं एकाएकी बसली. त्यांनी मला खोडाला कान लावायला सांगितलं. आतून कुरकुर ऐकू आली. ती मला ओळखीची होती. इथे त्याला पिकुदो रोखो म्हणतात, पण हा आपलाच सोंड्या भुंगा, माडाचा शत्रू, मूळचा दक्षिण आशियाकडचा. पामांच्या व्यापारातून तो १९९० च्या दशकात स्पेनमध्ये पोचला. पाम कापला तेव्हा आत धाग्यांचे गुंडाळलेले कोष आणि आंबलेल्या ताडीसारखा वास. आजोबांना मी सांगितलं की आमच्याकडे पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरतात. ते म्हणाले, "मग तिकडे तो संपला का?" नाही, तिकडेही आहेच.

यातून एक नियम पाळते: हिरवी झावळी कापायची तर डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यात ताज्या कापाच्या वासावर भुंगे येतात.

पाल्मितोचा वैरी वेगळा, दक्षिण अमेरिकेतून आलेला पायसांदिसिया नावाचा मोठा पतंग, दिवसाढवळ्या उडणारा. पान उलगडलं की त्यावर ओळीने भोकं दिसतात, पंचने पाडल्यासारखी, कारण अळीने ते घडी असतानाच आरपार पोखरलेलं असतं. तिघांपैकी एकावर दिसली. सूत्रकृमी आणले, म्हणजे अळ्या मारणारे अगदी बारीक जंत, स्टाइनर्नेमा जातीचे. पाकीट फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, श्रीखंडाच्या डब्याशेजारी, त्यावरून घरात वाद झाला. पाण्यात कालवून ऊन उतरल्यावर शेंड्यात ओतायचे. तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा दिले. त्यानंतरची दोन पानं धड आली आहेत.

एल्चेचं खजुराचं बन इथून फार लांब नाही, २००० साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. तिथे उएर्तो देल कुरा नावाच्या बागेत एका खजुराला बुंध्यातून सात फांद्या फुटल्या होत्या. १८९४ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ येऊन गेली, तिच्यावरून त्याचं नाव इंपीरियल. माझ्याकडे खजुराला जागा नाही, तरी तिथल्या बाजारातून आणलेल्या खजुराच्या बिया मी दह्याच्या डब्यांत पेरल्या. बीमधून आधी एक पांढरी नळी खाली जाते आणि कोंब बीपासून थोडा लांबच वर येतो, म्हणून मी चुकीच्या जागी उकरून एक मोडला. दुसरा आलाय, एकच पान, बोटभर.

आत्याला फोटो पाठवला. तिचा निरोप आला, "गवत कशाला जपतेस?"